सहायक : एका शब्दाची कुळकथा

मंडळी, बारामतीहून इंदापूरकडे निघाले म्हणजे वाटेत भवानीनगर लागते. छत्रपती सहकारी साखर कारखान्याचे हे गाव. गळिताचा हंगाम असला की रस्त्याच्या कडेने उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर यांची रांग लागलेली असते आणि मळीचा वास लांबूनच गावाची ओळख करून देतो. शेजारीच सणसर, आषाढात तुकोबांची पालखी तेथे मुक्कामाला असते. या परिसरातल्या एका शाळेत प्रजासत्ताकदिनाच्या समारंभाला मला बोलावणे आले होते. मी कॉलेजात मराठी शिकवतो. तेव्हा चार शब्द बोलावेत, एवढीच अपेक्षा.

समारंभाची वेळ झाली. मुलींचे समूहगीत होते आणि त्याची साथ मोबाइलमधून वाजवायची होती. भोंग्याच्या ॲम्प्लिफायरपाशी नववीतला एक मुलगा बसला होता. त्याने मोबाइलची तार घाईघाईने माइकच्या भोकात खुपसली आणि भोंग्यातून असा काही फाटका, कर्कश आवाज निघाला, की पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसांनी कानांवर हात ठेवले. मुलगा गोरामोरा झाला. मग कोणीतरी ओरडले, "अरे, ऑक्समध्ये घाल, ऑक्समध्ये!" त्याने तार काढून शेजारच्या भोकात घातली आणि गाणे स्वच्छ वाजू लागले.

समारंभ आटोपल्यावर तो मुलगा माझ्यापाशी आला. म्हणाला, "सर, इंग्रजीच्या तासाला आम्हाला ऑक्झिलरी व्हर्ब शिकवतात. मराठीच्या तासाला सहायक क्रियापद. आणि ह्या डब्यावर पण ऑक्झिलरी लिहिलंय. मग ह्या भोकाचा आणि व्याकरणाचा काय संबंध?"

प्रश्न साधा होता. पण मला त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. "सांगतो नंतर," असे म्हणून मी वेळ मारून नेली. घरी आलो आणि त्या शब्दाच्या मागे लागलो. आजचे हे भाषण म्हणजे त्या मुलाला द्यायचे राहून गेलेले उत्तर आहे, असे समजा.

आधी शब्दाचे कूळ पाहू. ऑक्झिलरी हा शब्द लॅटिन भाषेतला. 'ऑक्झिलियम' म्हणजे मदत, आणि त्याच्या मुळाशी धातू आहे 'ऑगेरे', म्हणजे वाढवणे. बाजारात लिलावाला आपण ऑक्शन म्हणतो, तो शब्दही याच धातूचा. कारण लिलावात बोली वाढत जाते. आपल्या संस्कृतातला 'ओजस्' हा शब्दही याच घराण्यातला आहे, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे युरोपच्या लोकांनी मदतनीसाकडे पाहिले ते 'बळ वाढवणारा' म्हणून.

आपला 'सहाय' हा शब्द निराळ्या दृष्टीचा आहे. 'सह' म्हणजे बरोबर आणि 'अय' म्हणजे जाणारा. बरोबर जाणारा, तो सहाय, वाटेवरचा सोबती. आता येथे शिक्षक मित्रांसाठी एक बारीकशी गोष्ट सांगून टाकतो. सहाय या शब्दापासून भाववाचक नाम होते ते 'साहाय्य'. पहिल्या अक्षराला काना आणि शेवटी जोडाक्षर. मदत करणारा तो 'सहायक' किंवा 'साहाय्यक'. 'सहाय्य' हे जे आपण सर्रास लिहितो, त्याला व्युत्पत्तीचा आधार नाही. मुलांच्या वहीत लाल खूण करण्याआधी आपल्या कार्यालयाची पाटी पाहून घ्यावी, हे मात्र बरे! आमच्याच पदाचे पाहा ना. पूर्वी आम्ही अधिव्याख्याते होतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० सालच्या नियमांनंतर आम्ही सहायक प्राध्यापक झालो. काम तेच, खडू तोच. कोणाचे सहायक, हे मात्र कोणी सांगितले नाही.

तर, एक बळ वाढवणारा आणि एक बरोबर चालणारा. मदतनीसाच्या या दोन व्याख्या मनात ठेवा. पुढे त्यांचे काम पडणार आहे.

ऑक्झिलरी हा शब्द इतिहासात गाजला तो फौजेमुळे. रोमन साम्राज्यात खरे लष्कर म्हणजे 'लीजन'. त्यात रोमचे नागरिक असत. त्यांच्या जोडीला जिंकलेल्या प्रांतांतून भरती केलेल्या पलटणी असत. त्यांना म्हणत 'ऑक्झिलिया'. घोडेस्वार, तिरंदाज, गोफणवाले असे अनेक कसबी लोक या सहायक पलटणींत होते. त्यांना नागरिकत्व नव्हते. पंचवीस वर्षे चाकरी केली म्हणजे ते मिळे, आणि त्याचा दाखला ब्राँझच्या पत्र्यावर कोरून दिला जाई. असे दाखले आजही उत्खननात सापडतात. पुढे इसवी सन २१२ मध्ये साम्राज्यातल्या जवळजवळ सर्व स्वतंत्र रहिवाशांना नागरिकत्व देण्यात आले. म्हणजे काय, की सीमेवर जागता पहारा करायचा तो सहायकाने. पण घरचा माणूस म्हणवून घ्यायला त्याला पंचवीस वर्षे थांबावे लागे.

हे झाले रोमचे. आपल्या पुण्याच्या इतिहासात मदतीच्या फौजेची याहून कडू आठवण आहे. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. यशवंतराव होळकरांनी पुण्यावर चाल करून पेशव्यांचा पराभव केला होता. बाजीराव वसईला इंग्रजांच्या आश्रयाला गेले होते. तहाने ठरले, की कंपनीने पेशव्यांच्या मदतीसाठी सहा हजारांहून कमी नाही एवढे कायम पायदळ आणि तोफखाना ठेवावा आणि त्याच्या खर्चासाठी पेशव्यांनी सव्वीस लाख रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा. शिवाय कंपनीला विचारल्यावाचून दुसऱ्या दरबाराशी बोलणे करू नये. हीच ती तैनाती फौज. नाव मदतीचे होते. बाजीराव १८०३ मध्ये पुन्हा गादीवर बसले ते या मदतीच्या जोरावरच. पण पुढच्या पंधरा वर्षांत मदत करणारा धनी झाला आणि ज्याला मदत केली तो आश्रित. जून १८१८ मध्ये बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाले आणि उरलेले आयुष्य त्यांना पुण्यापासून दूर, गंगेकाठी बिठूरला काढावे लागले.

येथे बळ तर वाढले होते. पण मदतनीस बरोबर चालत नव्हता. तो पुढे चालत होता, आणि लगाम त्याच्या हाती होता.

आता फौजेकडून व्याकरणाकडे वळू. तुम्ही म्हणाल, कुठे वसईचा तह आणि कुठे क्रियापद! पण थोडा धीर धरा.

मराठीचे व्याकरण छापून काढण्याचा उद्योग एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाला. विल्यम कॅरी यांचे इंग्रजीतून लिहिलेले मराठी व्याकरण श्रीरामपूरला १८०५ मध्ये निघाले. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले. तेव्हा ते अवघ्या बावीस वर्षांचे होते. त्यांना पुढे लोक मराठीचे पाणिनी म्हणू लागले. एका बाजूला संस्कृत व्याकरणाची परंपरा आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी व्याकरणाची नवी चौकट, या दोन्हींच्या मधून मराठीला आपली वाट काढावी लागली. १९११ मध्ये मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' आले. दामले म्हणजे कवी केशवसुतांचे धाकटे भाऊ. थोरल्या भावाने कवितेत बंड केले आणि धाकट्याने भाषेचा हिशेब मांडला. पुढे १९६४ मध्ये अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' लिहून विचारले, की ही उसनी चौकट मराठीच्या अंगाला बसते तरी का?

या वादातली एक लहानशी जागा म्हणजे सहायक क्रियापद. धातूला प्रत्यय लागून झालेला शब्द, म्हणजे धातुसाधित, आणि त्याच्या जोडीला येणारे दुसरे क्रियापद. दोघे मिळून एकच क्रिया सांगू लागले, की शाळेत आपण त्याला संयुक्त क्रियापद म्हणतो आणि जोडीला आलेल्याला सहायक. त्यांना एक मानावे की दोन, यावर वैयाकरणांचे एकमत नाही. पंडितांचा वाद पंडितांकडे राहू द्या. आपण नीरेच्या डाव्या कालव्यावर जाऊ.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या शेतकऱ्याला एक वाक्य महत्त्वाचे असते: पाटाला पाणी सुटले. आता या वाक्याला मदतनीस जोडत चला. 'पाणी सुटले आहे' म्हटले की माणूस खोरे घेऊन दारं धरायला निघतो. 'पाणी सुटले असेल' म्हटले की तो बांधावर जाऊन पाहून येतो. 'पाणी सुटले होते' म्हटले की कपाळाला हात लावतो. कारण पाळी येऊन गेली. आणि 'पाणी सुटले असते' एवढे म्हटले, की पुढचे काही बोलावेच लागत नाही. कालव्याच्या शेवटाला, टेलला ज्याची जमीन आहे, त्याने वर्षानुवर्षे हे वाक्य ऐकले आहे. सुटले असते, तर ऊस जळाला नसता.

पाहा मंडळी, पाणी तेच, सुटणे तेच. बदलला तो फक्त मदतनीस. काळ त्याने सांगितला. खात्री आणि शंका त्याने सांगितली. आशाही त्यानेच दिली आणि निराशाही. मुख्य क्रिया सांगणारा शब्द अर्ध्या वाटेवर थांबला, आणि वाक्य घरी पोहोचवले ते सहायकाने.

नकाराचेही तसेच. 'पाणी सुटले नाही', 'सुटले नव्हते', 'सुटले नसेल'. 'होता'च्या आधी 'न' येऊन 'नव्हता' झाला, 'असेल'च्या आधी 'न' येऊन 'नसेल' झाला. नाही म्हणण्याचे कामही आपण मदतनीसाच्या गळ्यात घातले आहे.

आणखी एक गंमत पाहा. 'सांगून' हा एकच शब्द घ्या. 'मी त्याला सांगून टाकले' यात मनावरचा भार उतरल्याचे समाधान आहे. 'सांगून बसलो' यात पश्चात्ताप आहे. 'सांगून पाहिले' यात प्रयत्न आणि थोडी हताशा आहे. 'सांगून ठेवले' यात पुढची सोय आहे. येथे कोणी काही टाकलेले नाही, कोणी बसलेले नाही, डोळ्यांनी काही पाहिलेले नाही. टाकणे, बसणे, पाहणे, ठेवणे ही क्रियापदे एरवी स्वतःच्या घरची धनी असतात. दुसऱ्याच्या मदतीला आली की ती आपला मूळ अर्थ दाराबाहेर ठेवतात आणि पाहुण्याच्या घरची रीत धरतात. शिक्षक बंधुभगिनींनो, सहायक क्रियापद ओळखायची सोपी खूण हीच. 'तो ओट्यावर बसला' यात बसणे खरे. 'तो पैसे देऊन बसला' यात बसणे मदतीचे. मुलांना नियम पाठ करायला लावण्यापेक्षा हे विचारावे, की वाक्यात खरोखर कोणी बसले आहे का?

काही मदतनीस तर एके काळी स्वतंत्र धनी होते आणि नंतर चाकरीला लागले. 'पाहिजे' हा शब्द मूळचा 'पाहणे' या क्रियापदाचाच. जुन्या मराठीतले ते कर्मणी रूप. त्यातले पाहणे आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. 'जायला पाहिजे', 'करायला पाहिजे' असा तो दुसऱ्यांच्या जोडीला उभा असतो. उलट 'शकणे' हे क्रियापद जन्माचे सोबती. 'येऊ शकतो', 'करू शकतो' असेच ते यायचे. नुसते 'मी शकतो' असे कोणी म्हणत नाही.

आणि आपल्या बोलण्यात तर मदतनीस इतका मिसळून गेला आहे, की दिसेनासा झाला आहे. 'येतो आहे' याचे 'येतोय' झाले, 'केले आहे' याचे 'केलंय', 'गेला आहे' याचे 'गेलाय'. त्या 'य'मध्ये अख्खा 'आहे' मुरला आहे, दुधात साखर मुरावी तसा. व्याकरणाच्या परीक्षेत नापास होणारी आजीसुद्धा या 'य'चा उपयोग कधी चुकवत नाही.

पण या सगळ्यातली खरी किल्ली पुढेच आहे. 'मी जात आहे', 'तू जात आहेस', 'ते जात आहेत'. यात 'जात' हा शब्द बदलला नाही. बदलला तो सहायक, आणि तो कर्त्याला पाहून बदलला. म्हणजे वाक्याचा काळ सहायकाच्या हाती, वाक्याचा शेवट सहायकाच्या हाती. तरी त्याचे तोंड कर्त्याकडे. सत्ता पुष्कळ, पण मर्जी कर्त्याची. कर्मणी प्रयोगात हा मान कर्माला मिळतो, हे शिक्षकांना सांगायला नकोच. तेथेही सहायक आपल्या मनाने वागत नाही. वसईच्या तहात नेमके हे उलटे झाले. तेथे कर्ता सहायकाला पाहून आपले रूप बदलू लागला. ज्या राज्याच्या वाक्यात असे घडते, ते वाक्य फार काळ टिकत नाही.

आता भोंग्याच्या डब्याकडे येऊ. त्या मुलाला ताटकळत ठेवणे बरे नव्हे.

ॲम्प्लिफायरचे काम म्हणजे लहान आवाज मोठा करणे. खरे तर तो वाढवतो ती विजेची हालचाल. आपण माइकसमोर बोलतो तेव्हा माइकमधून निघणारी वीज फार दुबळी असते. व्होल्टच्या हजाराव्या भागाने मोजायची, फार तर काही मिलिव्होल्ट. म्हणून माइकच्या भोकामागे तिला आधी पुष्कळ वाढवणारी जोडणी असते. मोबाइल, टेपरेकॉर्डर, रेडिओ यांतून बाहेर येणारा संकेत मात्र आधीच वाढलेला असतो. तो शेकडो मिलिव्होल्टचा. त्याला एवढ्या वाढीची गरज नसते. म्हणून त्याच्यासाठी निराळे भोक ठेवतात, आणि त्यावर लिहितात ऑक्झिलरी. सरीत पाणी सोडायचे ते बेताने. तिच्यात सगळी चारी फोडली तर वाफा वाहून जातो. त्या दिवशी आपल्या मुलाने तेच केले. म्हणून आवाज फाटला. उलट माइक ऑक्झिलरीत घातला तर आवाज इतका क्षीण येतो, की भोंगा बिघडला असेच वाटावे.

या भोकाचाही इतिहास आहे. पूर्वी घरात दिव्यांचा, म्हणजे व्हॉल्व्हचा मोठा रेडिओ असे. मर्फी, फिलिप्स, बुश ही नावे जुन्या मंडळींना आठवतील. रेडिओ घेतला तर पोस्टातून परवाना काढावा लागे. अशा पुष्कळ रेडिओंच्या पाठीमागे ग्रामोफोन जोडण्यासाठी जागा असे. तबकडीचा आवाज तेथून आत जाई आणि रेडिओच्या स्पीकरमधून बाहेर येई. मग टेपरेकॉर्डर आले, कॅसेट आली, सीडी आली, मोबाइल आला. यंत्र बनवणाऱ्याला पुढे काय येणार हे माहीत नसते. म्हणून तो एक जागा मोकळी ठेवतो, पाहुण्यासाठी ओसरी ठेवावी तशी. जी तार आपण त्यात घालतो, तिच्या टोकाच्या जाड भावाचे घराणे तर टेलिफोनचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टेलिफोन जोडून देणाऱ्या माणसांच्या हातात पाव इंच जाडीची अशीच खुंटी असे. आजची साडेतीन मिलिमीटरची खुंटी तिचेच धाकटे भावंड. २०१६ पासून काही मोठ्या कंपन्यांनी मोबाइलमधून तेही भोक काढून टाकायला सुरुवात केली. आता तारेवाचून गाणे जाते. तरी गावच्या भोंग्याच्या डब्यावर ऑक्झिलरी शाबूत आहे.

ऑक्झिलरीचे भोक स्वतः एक अक्षर बोलत नाही. दुसऱ्याचा आवाज ते आत घेते आणि यंत्राच्या हवाली करते. आपल्या शाहिरीत झीलकरी असतात ना, तसे. पोवाड्याचा बोल शाहिराचा. पण झील धरणारा नसेल तर शाहिराला दम घ्यायला उसंत कोठली?

हे सगळे आकाशवाणीला कसे लागू पडते, याचा एक दाखला पुणे केंद्राच्याच इतिहासात आहे. हे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने येथून एक प्रयोग झाला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतली सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात वीसेक माणसांचे श्रोता मंडळ केले. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या तासाचा, असे वीस कार्यक्रम झाले. ऐकून झाले की मंडळी तेथेच बसून चर्चा करीत. शंका केंद्राकडे पाठवीत, आणि पुढच्या कार्यक्रमांतून उत्तरे येत. कल्पना कॅनडातल्या शेतकरी रेडिओ मंडळांवरून घेतलेली होती. तेथे असे मंडळ १९४१ पासून चालत असे.

प्रयोग करणाऱ्यांनी एक शहाणपण केले. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, अशी गावेही त्यांनी तपासली. जे. सी. माथुर आणि पॉल न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे: मंडळांच्या गावांत लोकांची माहिती लक्षणीय वाढली. मंडळ नसलेल्या गावांत फारसा फरक पडला नाही, रेडिओ असूनसुद्धा.

याचा अर्थ काय? नुसता डबा आणून चावडीवर ठेवला, तर तो बोलत राहतो. कर्ता नसेल तर सहायकाने कोणाकडे पाहावे? चार माणसे बसली, बोलली, भांडली, प्रश्न विचारू लागली, तेव्हा वाक्य पुरे झाले. रेडिओ हा सहायक आहे, मंडळी. या पुस्तिकेतले हे भाषणही सहायकच. मोबाइलवर हजार माणसे हजार गोष्टी सांगतात, तेही सहायक. ऐकून झाल्यावर पारावर, शाळेत, ओट्यावर त्याचे काय होते, यावर सगळे अवलंबून असते.

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. सहायक हा शब्द आपण कोणाला लावतो, हेही जरा तपासून पाहिले पाहिजे. गावच्या उपकेंद्रात जी नर्सबाई असते, तिच्या पदाचे मूळ इंग्रजी नाव ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ, सहायक परिचारिका. सपाटीवरच्या भागात पाच हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र, असा सरकारी दंडक आहे. या पाच हजारांतल्या बाळंतिणी, तान्ह्या मुलांच्या लसी, घरोघरच्या नोंदी यांचा भार बहुतेक तिच्यावर. 'पाणी सुटले असेल' या वाक्यात 'असेल'ची जी जागा, तीच गावाच्या आरोग्यात तिची. तिला काढून पाहा म्हणजे वाक्य कोठे अडते ते कळेल.

आणि कारखान्यावर उसाची तोड करायला दरवर्षी दुरून माणसे येतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे 'एक कोयता' म्हणतात. पहाटेच्या थंडीत दोघे फडात उतरतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. वेळेला तीही कोयता धरते. माणसे दोन, हिशेबात कोयता एक. ती त्याला 'मदत करते', असे आपण सहज म्हणून जातो. शेतीत, गोठ्यात, घरात, सगळीकडे असेच म्हणतो. येथे सहायक हा शब्द मानाने लावलेला नाही. एक कर्ता दडवण्यासाठी तो वापरला आहे. व्याकरणात ही चूक केली तर दोन गुण जातात. संसारात आणि कारखान्याच्या वहीत केली तर एका माणसाची मजुरी, नाव आणि मान जातो.

शिक्षक बंधुभगिनींनो, सहायक क्रियापदाचा पाठ शिकवाल त्या दिवशी मुलांना एक वाक्य लिहून आणायला सांगा: 'आमच्या घरी काम कोण करते?' बहुतेक जण लिहितील, 'बाबा काम करतात, आई त्यांना मदत करते.' मग फळ्यावर त्या वाक्यातला कर्ता शोधायला लावा. एक की दोन? मुले विचार करू लागतील. व्याकरणाचा तास त्या दिवशी सार्थकी लागेल.

त्या नववीतल्या मुलाला माझे उत्तर एवढेच. बाळ, भोकाचा आणि व्याकरणाचा संबंध आहे. दोन्हींकडे ऑक्झिलरी म्हणजे तो, ज्याच्या वाचून मुख्य माणसाचे म्हणणे लोकांपर्यंत नीट पोहोचत नाही. त्याची जागा ओळखावी. माइकच्या भोकात त्याला खुपसले तर आवाज फाटतो. कर्त्याच्या डोक्यावर बसवले तर राज्य जाते. आणि त्याचे नावच घेतले नाही, तर वाक्य अपुरे राहते. बरोबर चालणारा, ही आपल्या पूर्वजांनी केलेली व्याख्या मला तरी अजून सगळ्यांत चांगली वाटते.

पुढच्या प्रजासत्ताकदिनाला त्या शाळेत बोलावणे आले, तर हे त्याला समक्ष सांगेन. तोवर तो दहावीत गेलेला असेल. 'गेला' यापुढे हे 'असेल' आले, ते काय सांगते, हे आता त्याला ओळखता येईल.